जेसी ब्राऊन: त्या पाऊण तासाआधीची चोवीस वर्षे

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

कोरियन युद्ध चालू असताना, ४ डिसेंबर १९५० रोजी, उत्तर कोरियातील चोसिन जलाशयाजवळच्या बर्फाळ डोंगरात अमेरिकन नौदलाचे एक लढाऊ विमान कोसळले. त्यात अडकलेल्या वैमानिकाला सोडवण्यासाठी त्याच्या सोबत्याने आपले धडधाकट विमान मुद्दाम त्याच डोंगरउतारावर पोटावर उतरवले. लष्करी इतिहास वाचणाऱ्या अनेकांना हा प्रसंग ठाऊक असेल. सोबत्याचे नाव टॉम हडनर. त्याला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले आणि तेव्हापासून हा प्रसंग बहुधा त्याच्याच बाजूने सांगितला जातो. अडकलेला वैमानिक, एन्साइन जेसी लेरॉय ब्राऊन, या कथेत प्रवेश करतो तेव्हा त्याला हलताही येत नसते आणि कथा संपते तेव्हा तो या जगात नसतो.

हडनरच्या धैर्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु जेसी हा मुळात पारंगत वैमानिक होता, त्या दिवशी त्या दोघांच्या जोडीत पुढे तोच होता, आणि तिथवर पोहोचण्यासाठी त्याने जे सोसले व साधले ते एखाद्या वाक्यात उरकण्याजोगे नाही. म्हणून हा धागा.

जेसीचा जन्म १३ ऑक्टोबर १९२६ रोजी मिसिसिपी राज्यातील हॅटिसबर्ग येथे झाला. आई ज्युलिया शिक्षिका होती. जागतिक मंदीच्या काळात वडिलांचे, जॉन यांचे, काम सुटले आणि कुटुंब वाट्याने शेती करू लागले. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. सहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला विमानांच्या कसरती दाखवायला नेले आणि तेव्हापासून त्याचे मन विमानात अडकले ते कायमचेच. मिसिसिपीत त्या काळी कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, बसण्याच्या जागा वेगळ्या आणि पाणी पिण्याचे नळही वेगळे होते. अशा ठिकाणच्या शेतात राबणाऱ्या मुलाने वैमानिक होण्याचे ठरवणे म्हणजे काय, याची कल्पना त्याच्या एका पत्रावरून येते. १९३७ मध्ये, जेमतेम दहा-अकरा वर्षांचा असताना, त्याने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांना लष्कराच्या हवाई दलात वैमानिक म्हणून का घेत नाहीत, असा सवाल केला. व्हाइट हाउसकडून त्याला उत्तर आले. त्याच्या मताची कदर असल्याचे त्यात म्हटले होते. नियम मात्र लगेच बदलला नाही.

शाळेत तो दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला आणि १९४४ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात दाखल झाला. जवळच्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात जाणे सोपे होते, तरी त्याने मुद्दाम घरापासून दूरचे आणि जिथे आपल्यासारखे विद्यार्थी हातावर मोजण्याइतकेच असतील असे विद्यापीठ निवडले. त्याचा आदर्श असलेला धावपटू जेसी ओवेन्स तिथलाच. दिवसा वास्तुरचना अभियांत्रिकीचे वर्ग आणि दुपारी साडेतीनपासून मध्यरात्रीपर्यंत रेल्वेच्या मालडब्यांत माल चढवण्याचे काम, असा त्याचा दिनक्रम होता; आणि एवढे करूनही त्याचे गुण उत्तम होते.

नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षण योजनेसाठी त्याने अर्ज केला तेव्हा नौदलाच्या विमानात आपल्याला कधीच बसू देणार नाहीत, हे त्याला वेगवेगळ्या तोंडून ऐकावे लागले. तो लेखी, तोंडी आणि वैद्यकीय अशा सर्व परीक्षा उत्तीर्ण झाला. जुलै १९४६ मध्ये त्याची निवड झाली आणि महिना ५० डॉलर विद्यावेतन मिळू लागल्यामुळे रात्रीची हमाली सुटली. पुढे ग्लेनव्ह्यू, ओटम्वा, पेन्साकोला आणि जॅक्सनव्हिल असा प्रशिक्षणाचा प्रवास झाला. पेन्साकोला फ्लोरिडात आहे, म्हणजे पुन्हा दक्षिणेत, पुन्हा त्याच भेदभावात. तिथे त्याने आणखी एक धोका पत्करला. प्रशिक्षणार्थींना विवाहाची परवानगी नसताना, पकडले गेल्यास सर्व काही हातचे जाईल हे ठाऊक असताना, १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने आपल्या गावच्या डेझी पर्ल निक्सशी गुपचूप लग्न केले.

२१ ऑक्टोबर १९४८ रोजी त्याच्या छातीवर नौदल वैमानिकाचे सोनेरी पंख लागले. सैन्यदलांतील वांशिक भेदभाव संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश त्याच वर्षी २६ जुलैला निघाला होता, हे ध्यानात घ्यावे. जेसीने प्रशिक्षण सुरू केले तेव्हा तो आदेश अस्तित्वातच नव्हता. पुष्कळ ठिकाणी तो त्या धोरणाचे फळ असल्यासारखे लिहिले जाते. तारखा पाहिल्या तर तो धोरणाच्या पुढे चालत होता.

जानेवारी १९४९ मध्ये तो 'लेयटे' या विमानवाहू नौकेवरील ३२ क्रमांकाच्या लढाऊ स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला आणि एप्रिलमध्ये एन्साइन, म्हणजे नौदलातील सर्वांत कनिष्ठ पदाचा अधिकारी झाला. त्या काळी अमेरिकन नौदलातील कृष्णवर्णीयांपैकी बहुतेक जण स्वयंपाकघरात किंवा अधिकाऱ्यांना वाढण्याच्या कामावर असत. अधिकाऱ्यांच्या भोजनकक्षात जेसी टेबलाशी बसे आणि वाढायला त्याच्याच वंशाचे लोक येत. रोज तीन वेळा या गोष्टीला सामोरे जाणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलाच्या मनात काय येत असेल, याचा विचार मी कितीदा तरी केला आहे.

ऑक्टोबर १९५० मध्ये 'लेयटे' कोरियाच्या समुद्रात पोहोचली. जेसीने तिथे सुमारे वीस मोहिमा उडवल्या. नौदल अकादमीतून आलेला, मॅसॅच्युसेट्समधील सधन घरातला हडनर हुद्द्याने त्याच्याहून वरचा होता. तरीही जोडीने उडताना पुढे जेसी असे आणि हडनर त्याच्या पाठीशी, कारण उड्डाणाचा अनुभव जेसीचा अधिक होता.

४ डिसेंबरला दुपारी दीडच्या सुमारास सहा कॉर्सेअर विमाने जलाशयाच्या पश्चिमेकडे चिनी सैन्याचा माग काढायला निघाली. फार खालून उडत असताना जमिनीवरून झालेल्या बंदुकीच्या माऱ्यात जेसीच्या विमानाला गोळी लागली आणि तेलाचा दाब जाऊन इंजिनाची ताकद संपली. हवाई छत्रीने उडी मारण्याइतकी उंची उरली नव्हती. डोंगरातील एक उघडा उतार हेरून त्याने इंजिनाविना विमान तिथे उतरवले. आदळताना विमान वैमानिककक्षापाशी वाकले आणि त्याचा उजवा पाय उपकरणफलकाखाली चिरडला गेला. वर घिरट्या घालणाऱ्यांना तो मेला असेच वाटले. मग त्याने हात हलवला. पुढचे आपल्याला ठाऊक आहे: हडनर उतरला, नाकाडातून निघणाऱ्या धुरावर त्याने हातांनी बर्फ लोटले, जेसीला ओढून पाहिले. नंतर चार्ली वॉर्ड हेलिकॉप्टर घेऊन आला. कुऱ्हाडीने पत्रा फुटेना. पाऊण तास दोघे झटले. जेसी सारा वेळ शांत होता. डेझीला माझे तिच्यावर प्रेम आहे एवढे सांग, असे त्याने हडनरला सांगितले आणि हळूहळू त्याची शुद्ध हरपली. अंधार पडू लागल्यावर दोघांना निघावे लागले.

दर्यावर्दी

उत्तम लेख. 'पारंगत वैमानिक' या शब्दांना थोडे बळ द्यावे म्हणून लिहितो.

विमानवाहू नौकेवर उतरणे हे त्या काळी आजच्याहून फार अवघड होते. आजच्यासारखी तिरकी धावपट्टी तेव्हा नव्हती. डेक सरळ होता आणि शेपटीचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकला नाही, तर पुढे उभ्या असलेल्या विमानांच्या आणि उतरणाऱ्या विमानाच्या मध्ये फक्त जाळीचा अडथळा असे. मागच्या टोकाला उभा असलेला अधिकारी दोन्ही हातांतील रंगीत फळ्यांनी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे इशारे करी आणि वैमानिकाने त्यावर विसंबून यायचे. त्यात कॉर्सेअरचे नाक इतके लांब की सरळ येताना समोरचे काहीच दिसत नाही. म्हणून शेवटपर्यंत वळण घेत यावे लागे, जेणेकरून तो अधिकारी डाव्या बाजूने दिसत राहील. या अडचणीमुळे अमेरिकन नौदलाने सुरुवातीला हे विमान नौकेवर वापरण्याचे टाळले होते आणि ते किनाऱ्यावरील धावपट्ट्यांवरून उडवले. नौकेवर ते नियमित वापरण्याची वाट ब्रिटिशांनी आधी धरली. जेसीने पंख मिळवले ते अशा कसोटीतून, आणि ज्या संस्थेत त्याच्या चुकीची वाट पाहणारे पुष्कळ होते तिथे.

नौकेवरची विमाने जवळून पाहायची असतील त्यांनी गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात जावे. तिथे आपल्या पहिल्या 'विक्रांत'वरची सी हॉक आणि अलिझे विमाने उभी आहेत. विमानाच्या मानाने तो आकडा केवढासा असतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर वरच्या ओळी वेगळ्या वाटतील.

सातमाळा

एक बारीक दुरुस्ती. जेसीला पुष्कळ ठिकाणी 'पहिला कृष्णवर्णीय नौदल वैमानिक' म्हणतात. ऑस्कर होम्स हे त्याच्या आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकन नौदलात वैमानिक झाले होते. ते आधीपासूनच विमान चालवत असल्यामुळे त्यांना नौदलाचे मूळ प्रशिक्षण घ्यावे लागले नाही, आणि वर्णाने उजळ असल्यामुळे ते कृष्णवर्णीय आहेत हे घेताना नौदलाच्या लक्षातच आले नव्हते. म्हणून जेसीला 'नौदलाचे मूळ वैमानिक प्रशिक्षण पूर्ण करणारा पहिला कृष्णवर्णीय' म्हणणे अचूक ठरेल.

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

सातमाळा, मनापासून आभार. मी लेखात 'पहिला' हा शब्द टाळला होता, पण कारण द्यायला हवे होते. होम्स यांची नोंद समोर ठेवली की जेसीचे वेगळेपण अधिकच स्पष्ट होते. तो ओळख न दडवता, सर्वांच्या देखत, पहिल्या पायरीपासून चढत आला.

इतिहासवाट

त्या दिवशी ती विमाने इतक्या खालून का उडत होती, हे समजण्यासाठी खालची परिस्थिती सांगायला हवी. नोव्हेंबर १९५० च्या अखेरीस चिनी सैन्य मोठ्या संख्येने युद्धात उतरले आणि २७ नोव्हेंबरच्या रात्रीपासून त्याने चोसिन परिसरातील अमेरिकन मरीन (नौदलाशी संलग्न लढाऊ दलाचे सैनिक) व त्यांच्यासोबतच्या तुकड्यांना वेढले. सुमारे ३०,००० विरुद्ध सुमारे १,२०,००० असे बळ होते. समुद्राकडे जाणारी एकच अरुंद घाटवाट होती, दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर चिनी सैनिक होते आणि पारा शून्याखाली तीस अंशांच्या आसपास घसरत होता. बंदुकांचे वंगण गोठे, रक्तद्रव गोठे, जखमींना द्यायच्या मॉर्फिनच्या कुप्या सैनिक तोंडात धरून वितळवत. जलाशयाच्या पश्चिमेला असलेले मरीन लढत लढत जलाशयाच्या दक्षिण टोकाजवळच्या हागारू-री या तळावर पोहोचले ते ३ आणि ४ डिसेंबरला, म्हणजे जेसी पडला त्याच सुमारास. या माघारीला छत्र होते ते विमानांचेच. पांढऱ्या कपड्यांतले, बर्फात लपलेले सैनिक उंचावरून दिसत नसत, म्हणून वैमानिकांना झाडांच्या शेंड्यांपर्यंत खाली यावे लागे आणि तिथे साध्या बंदुकीची गोळीही विमान पाडू शकत असे.

याच हिवाळ्यात आपलेही लोक कोरियात होते, हे इथे नोंदवावेसे वाटते. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालील भारताचे ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक नोव्हेंबर १९५० मध्ये तिथे दाखल झाले होते. डिसेंबरच्या त्याच दिवसांत प्योंगयांगमधून माघार घेताना वैद्यकीय सामान टाकून जाण्याऐवजी त्यांनी एक जुने वाफेचे इंजिन मिळवले, स्वतः चालवले आणि सारे सामान दक्षिणेकडे आणले. प्योंगयांग आणि चोसिन या दोन वेगळ्या आघाड्या होत्या. जेसीशी त्यांचा संबंध आला नाही. थंडी मात्र तीच होती.

यंत्रवेडा

एका साध्या गोळीने एवढे दणकट विमान कसे पडते, असा प्रश्न कुणालाही पडेल. कॉर्सेअरचे इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचे, दोन रांगांत मिळून अठरा सिलिंडर असलेले, सुमारे दोन हजार अश्वशक्तीचे होते. ते हवेने थंड होणारे असल्यामुळे पाण्याची नळी फुटून बंद पडण्याची भीती नव्हती आणि एखाद-दुसरा सिलिंडर निकामी झाला तरी ते विमानाला घरी आणत असे. पण तेल गेले की काही मिनिटांत सारे धातूचे भाग एकमेकांवर घासून इंजिन जाम होते. जेसीच्या विमानाला गोळी नेमकी या एकाच नाजूक जागी लागली.

हेलिकॉप्टरबद्दलही थोडे. वॉर्डने आणलेले सिकोर्स्कीचे यंत्र लहानसे, कमी ताकदीचे आणि रात्री उडवता न येणारे होते. हेलिकॉप्टरने शत्रूच्या प्रदेशातून वैमानिक उचलून आणण्याची पद्धत तेव्हा नुकतीच रुळू लागली होती. पत्रा कापण्याचे आज सहज मिळणारे यांत्रिक अवजार त्यांच्याकडे नव्हते. होती ती एक कुऱ्हाड आणि आग विझवण्याचे एक नळकांडे. पाय कापून त्याला बाहेर काढावे का, इथपर्यंत दोघांचा विचार गेला होता, पण हाताशी केवळ चाकू होता.

रानजाई

लेख वाचताना डोळे भरून आले. तरीही एक प्रश्न स्पष्ट विचारते. हडनरने वरिष्ठाची परवानगी न घेता चांगले विमान मोडले, स्वतः जखमी झाला आणि जेसी वाचला नाहीच. त्या उतारावर चिनी सैनिक आले असते तर दोघेही गेले असते. अशा कृत्याचा गौरव करणे म्हणजे उद्याच्या वैमानिकांना चुकीचा धडा देणे नव्हे का?

दर्यावर्दी

रानजाई, हा प्रश्न तेव्हाही उभा राहिला असणार. आपल्यावर लष्करी न्यायालयात खटला चालेल असे हडनरला वाटत होते. प्रत्यक्षात 'लेयटे'चे कप्तान सिसन यांनी त्याच्या सन्मानाची शिफारस केली. लढाईच्या हिशेबात एक विमान गेले हे खरे आहे. परंतु उद्या मी पडलो तर माझ्यासाठी कुणीतरी खाली येईल, या भरवशावर माणूस रोज उड्डाण करतो, आणि तो भरवसा विमानाच्या किमतीत मोजता येत नाही. परवानगी मागितली असती तर ती मिळाली नसती, हे मात्र मी तुमच्या बाजूने मान्य करतो.

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

मला यात आणखी एक गोष्ट दिसते. १९५० च्या अमेरिकेत, मिसिसिपीत हे दोघे एका टेबलाशी बसून जेवू शकले नसते. हडनर पुढे आयुष्यभर हेच सांगत राहिला की जेसीच्या जागी तो असता तर जेसीनेही हेच केले असते. हा भरवसा हडनरला कुठून आला, याचे उत्तर जेसीच्या स्वभावात आणि त्याच्या उड्डाणात शोधावे लागते. म्हणूनच त्याच्या चोवीस वर्षांबद्दल लिहिण्याचा माझा आग्रह आहे.

अबोली

डेझीचे पुढे काय झाले? आणि त्यांना मूल होते का?

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

अबोली, मुलगी होती, पामेला. वडील गेले तेव्हा ती दोन वर्षांचीही नव्हती. ३ डिसेंबरच्या रात्री, म्हणजे शेवटच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, जेसीने नौकेवरून डेझीला पत्र लिहिले होते. ते तिच्या हाती पडले तेव्हा तो या जगात नव्हता.

१३ एप्रिल १९५१ रोजी ट्रूमन यांनी व्हाइट हाउसमध्ये हडनरला पदक दिले, त्या समारंभाला डेझी उपस्थित होती. नवऱ्याचा निरोप हडनरने तिला पोहोचवला. जेसीला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे वैमानिकांना दिले जाणारे शौर्यपदक मिळाले. डेझी पुढे शिक्षिका झाली, जेसीच्या आईसारखीच. हडनर आणि तिचे कुटुंब यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. १७ फेब्रुवारी १९७३ रोजी बोस्टनमध्ये 'जेसी एल. ब्राऊन' ही युद्धनौका नौदलात दाखल झाली, तेव्हाही दोघे तिथे होते. १९९४ मध्ये ती नौका सेवामुक्त होऊन इजिप्तच्या नौदलाकडे गेली आणि तिचे नाव बदलले.

सातमाळा

पार्थिव परत आणता आले का?

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

नाही. परत जाऊन ते आणायचे तर आणखी माणसे गमावण्याची भीती होती, म्हणून कप्तानाने परवानगी दिली नाही. काही दिवसांनी त्याच स्क्वाड्रनची विमाने त्या उतारावर गेली आणि शत्रूच्या हाती देह पडू नये म्हणून पडलेल्या विमानावर नेपाम, म्हणजे चिकटून जळणारे इंधन असलेले बॉम्ब, टाकले. तसे करताना वैमानिक रेडिओवरून ख्रिस्ती प्रार्थना म्हणत होते.

जुलै २०१३ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, हडनर उत्तर कोरियात गेला. जेसीचे अवशेष शोधण्यासाठी तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला येऊ दिले होते. पण पावसाळ्याचे दिवस होते, पुरामुळे डोंगराकडे जाणारे रस्ते बंद झाले होते आणि त्या उतारापर्यंत त्याला पोहोचता आले नाही. पाऊस कमी झाल्यावर पुन्हा या, असे त्याला सांगण्यात आले. १३ नोव्हेंबर २०१७ रोजी तो वारला. जेसी अजून तिथेच आहे.